मिस्सेची क्रियापदे

कोकणीत मीस (मराठी ख्रिस्तींची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) 'आयकतात'. मराठी ख्रिस्ती घरांतही 'मिस्सा ऐकायला गेलो होतो' असे म्हणणारी जुनी माणसे आहेत. याच्या जोडीचे क्रियापद पाद्रीच्या वाट्याचे : तो मीस 'सांगतो'. पोर्तुगीज भाषेतही पाद्री मिस्सा सांगतो आणि लोक ऐकतात. मिस्सा हे नाम आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा ही दोन्ही क्रियापदे त्याच गलबतातून आली असणार. आपली शब्दचर्चा बहुतेक वेळा नामांपाशीच घोटाळते. पाव कुठला, बटाटा कुठला, पगार कुठला, हे सांगताना आपल्याला उत्साह येतो. त्या नामाला कोणते क्रियापद जोडले गेले आणि ते पुढे कधी बदलले, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. गेल्या साठ वर्षांत ख्रिस्ती उपासनेत जे नवे वारे आले त्याचा मागोवा मात्र क्रियापदांतच लागतो, असे मला वाटते.

चेण्याच्या रस्त्यावर हा विषय सुचतो, त्याला भूगोल कारण आहे. घोडबंदर रस्त्याने वरसाव्याचा नाका सोडून ठाण्याकडे निघाले की घोडबंदर गाव लागते, मग चेणे, पुढे काजूपाडा, गायमुख. उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, डाव्या हाताला खाडी, खाडीपलीकडे वसई तालुका. अलीकडचा काठ मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो आणि पलीकडचा 1998 साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात. घोडबंदरचा किल्ला बांधला पोर्तुगीजांनी; वसईचा कोट 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला. सत्ता गेली, पण पाद्री, क्रूस, नाताळ, फेस्त, मिस्सा हे शब्द दोन्ही काठांवर राहिले. नाताळ तर इतका मुरला की तो पोर्तुगीज आहे हे सांगितल्यावर लोकांना नवल वाटते.

मिस्सा हा शब्द मुळात लॅटिन, आणि त्याचा अर्थ पाठवणी. उपासनेच्या शेवटी जमलेल्यांना 'आता निघा' असे सांगण्याचे जे वाक्य होते त्यातला हा शब्द चौथ्या शतकाच्या सुमारास साऱ्या विधीलाच चिकटला. कार्यक्रमाचे नाव त्याच्या अखेरच्या घोषणेवरून पडले, असे फार कमी ठिकाणी घडले असेल. मिशन आणि मिशनरी हे त्याच धातूचे भाऊबंद. मराठीत याला 'निरोप' इतका नेमका शब्द दुसरा नाही, कारण आपला निरोप दोन्ही कामे करतो : जाणाऱ्याला आपण निरोप देतो आणि त्याच्याच हाती दुसऱ्यासाठी निरोप धाडतो. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे. मराठीत मिस्सेला निरोप म्हणावे, असे मी सुचवत नाही. लोक रडायला लागतील.

'ऐकणे' या क्रियापदाला मात्र कमी लेखायचे कारण नाही. आपल्याकडे ऐकणे हीच एक साधना होती. पुराण ऐकायचे असते, कथा ऐकायची असते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. ग्रंथाला त्याने 'पुराण' म्हटले आणि ओवी वापरली, कारण पुढ्यातला माणूस पुराण ऐकणारा होता. रविवारी आणि सणावारी ते जमलेल्या लोकांपुढे वाचले जाई. ऐकणाऱ्याला कळत होते. पण मिस्सा लॅटिनमध्ये होती, आणि कळत नसलेली गोष्ट ऐकायची म्हणजे ओठांनी रोझरी म्हणायची आणि मधेच घंटा वाजली की गुडघे टेकायचे. क्रियापद 'ऐकणे', प्रत्यक्षात नुसते हजर राहणे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे श्रद्धेने केले, ही गोष्ट वेगळी.

मराठीने या बाबतीत एक बारीक भेद करून ठेवला आहे. कीर्तन बुवा करतात आणि आपण ऐकतो. भजन आपण सगळे मिळून करतो. 'कीर्तनाला बसलो' आणि 'भजनाला बसलो' यांत बसणे तेच, पण पहिल्यात तोंड बंद असते आणि दुसऱ्यात हातात टाळ. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला, त्याचे सार मराठी माणसाला एवढ्यावरून समजावे : कीर्तनाचे व्याकरण सोडून भजनाचे व्याकरण धरा. दस्तऐवजाचे शब्द अर्थातच वेगळे आहेत. लोकांचा सक्रिय सहभाग, अशी मागणी तिथे वारंवार येते. लोकभाषेला वाट मोकळी झाली, वेदी पुढे सरकली, पाद्रीने लोकांकडे तोंड फिरवले.

पुढची पायरी आपल्या देशापुरती होती. 1969 मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बाबींना रोमने मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढावीत, जमिनीवर बसावे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, आरती. शब्दांच्या दृष्टीने ही मोठी आयात होती, आणि ती घरातूनच झालेली. त्यावर वादही झाले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हेच शब्द आणि हेच आचार सोडायला लावले गेले होते, त्यांना ते आता परत कसे काय आले, असे वाटले तर त्यांना हट्टी म्हणता येणार नाही. बऱ्याच धर्मग्रामांत या बारा बाबी खास प्रसंगांपुरत्या उरल्या. चर्चला 'देऊळ' म्हणणाऱ्या लोकांनाही आरती नेहमीच रुचली असे नाही. (देऊळ हे मूळ 'देवकुल', देवाचे घर. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी कुणाकडून मागून घेतला नाही; तो त्यांच्याच बोलीतला होता.)

याच काळात मराठी चर्चच्या छापील भाषेत मिस्सेची क्रियापदे बदलू लागली. 'मिस्सा साजरी करणे' आले, 'अर्पण करणे' आले, 'सहभागी होणे' आले. यांतले 'साजरी करणे' मला खटकते. मराठीत वाढदिवस साजरा होतो, दिवाळी साजरी होते. दफनाच्या दिवशीची मिस्सा साजरी कशी करायची? इंग्रजी क्रियापद जसेच्या तसे उचलल्याची ही खूण आहे. 'अर्पण करणे' जास्त मराठी, जास्त गंभीर. पण फेस्ताच्या बातम्या वाचून पाहा : बिशपांच्या हस्ते मिस्सा अर्पण करण्यात आली, हजारो भाविक उपस्थित होते. म्हणजे कर्ता पुन्हा वेदीवरचाच, आणि लोकांच्या वाट्याला 'उपस्थित'. परिषदेने जे बदलायला सांगितले ते वाक्याच्या कर्त्यात बदलायला हवे होते. ते कर्मणी प्रयोगात कुठेतरी अडकून पडले.

राहिले 'सहभागी होणे'. हा शब्द कचेरीतला वाटतो, शिबिराच्या प्रमाणपत्रावरचा. पण त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. दस्तऐवजातल्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भाग घेणे, आणि आपल्या 'भाग' शब्दाचा धातू भज्. भज् म्हणजे वाटणे, वाटा घेणे, वाट्यात सामील होणे. त्याच धातूपासून भजन, त्याच धातूपासून भक्त आणि भक्ती. भक्तीत पुढे प्रेम, शरणागती, सेवा हे सगळे अर्थ साठत गेले. तळाशी मात्र वाटा आहे. रोमहून 'सहभाग वाढवा' असे पत्र आले, आणि ज्या भाषेत ते उतरवायचे होते तिच्यात भक्ती आणि सहभाग ही एकाच धातूची लेकरे होती. 'सहभाग' हा शब्द एरवी कितीही कोरडा वाटला तरी हे नाते कळल्यावर मी त्याला नावे ठेवणे सोडले.

प्रोटेस्टंट मंडळींची वाट निराळी. त्यांनी पोर्तुगीज शब्दांवर फारशी भिस्त ठेवली नाही. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आणि त्याच्या आगेमागे आलेल्या इतरांनी बायबलच्या मराठीवर भर दिला. तिथे 'उपासना' आहे, म्हणजे जवळ बसणे. पाद्रीऐवजी 'पाळक' आहे, आणि चर्चसाठी 'मंडळी'. ग्रीकमधला मूळ शब्द नगरातल्या नागरिकांच्या सभेचा होता, तेव्हा मंडळी हा पर्याय चोख बसला. त्याला मराठी घरगुती गंधही आहे : नाटक मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, आणि जुन्या चालीत बायकोचा उल्लेख टाळण्यासाठी 'आमची मंडळी माहेरी गेली आहे'. नव्या करारात मंडळीला ख्रिस्ताची वधू मानले आहे. भाषांतरकारांच्या मनात हे असेल असे नाही, पण शब्दाने आपले काम बिनबोभाट केले.

इथले नूतनीकरण लॅटिन सुटण्यावर अवलंबून नव्हते. मराठी आधीपासून होती. अडचण होती ती चालींची. इंग्रजी चालीवर बेतलेली मराठी गीते म्हणताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई. नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओवी आणि पदे यांतून ख्रिस्ती भक्तिगीते लिहिली. ती आजही मराठी चर्चांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात गायली जातात. टिळकांनी कीर्तनेही केली. पण त्यांचा टिकाऊ वाटा भजनाचा आहे, कारण त्यांची पदे लोकांच्या तोंडी बसली. 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्याचा त्यांचा विचार होता. दरबार हा फारसी शब्द, देव सगळ्यांचा, आणि बसणारे कुठलेही.

'संजीवन' हा या घराण्यातला आणखी एक जिवंत शब्द. आत्मिक जागृतीच्या सभांना मराठी ख्रिस्ती लोक संजीवन सभा म्हणतात. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली आणि बायका एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्या घटनेला हाच शब्द लागतो. संजीवन म्हटले की कचाची गोष्ट, शुक्राचार्यांची विद्या, हनुमंताचा द्रोणागिरी सगळे आठवते. रमाबाईंना बायबलच्या मराठीत साधे, बिनशिकल्या बाईला कळेल असे शब्द हवे होते, आणि त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये निघाले. पण केडगावच्या त्या प्रार्थनांना पौराणिक नावच चिकटले. क्रियापदाच्या बाजूने पाहिले तर ते वर्ष फार मोठे होते : तिथे प्रार्थना 'सांगणारा' कुणी नव्हता, सगळ्याच करत होत्या.

आता 'सेवा'. इंग्रजीतल्या मिनिस्ट्रीचे मूळ लॅटिन शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ लहान माणूस, चाकर. मोठा माणूस तो मॅजिस्टर, म्हणजे मास्तर. मराठीत मिनिस्टर म्हणजे मंत्री झाला आणि लहानपण हरवले. 'सेवक' आणि 'सेवा' यांनी ते राखले. अलीकडे मात्र उपनगरांतल्या छोट्या स्वतंत्र मंडळ्यांतून 'आमची मिनिस्ट्री' असा प्रयोग ऐकू येतो. सेवा करायची असते, मिनिस्ट्री असते. क्रियापद 'करणे' वरून 'असणे' वर सरकले की गोष्ट मालमत्तेसारखी बोलली जाते : त्यांची मिनिस्ट्री मोठी आहे, यांची नुकतीच सुरू झाली आहे. मला हा बदल बारा बाबींपेक्षा जास्त चिंतेचा वाटतो, आणि त्यावर कुणी वाद घातल्याचे मात्र ऐकले नाही.

चेण्यासारख्या ठिकाणी 'धर्मग्राम' हा शब्दही जरा अवघडतो. पॅरिशसाठी मराठी कॅथलिकांनी घडवलेला हा शब्द छान आहे, पण तो गाव गृहीत धरतो : एक देऊळ, भोवती घरे, सगळ्यांचे एक फेस्त. उत्तन, डोंगरी, गोराई इथे ते बसते. घोडबंदर रस्त्याच्या कडेने आदिवासी पाडे आहेत आणि आता उंच इमारती. त्या इमारतींत राहणारे कुटुंब कुठल्या गावाहून, कुठल्या भाषेतल्या मिस्सेतून आले, ते शेजाऱ्याला ठाऊक नसते. गंमत म्हणजे पॅरिशचा मूळ ग्रीक अर्थ याला जास्त जवळचा आहे : परक्या गावात पाहुण्यासारखे शेजारी राहणे. मराठी शब्दाने त्या उपऱ्यांना गावकरी करून टाकले. शब्द बदलायची गरज नाही. ज्यांना गावकरी म्हटले त्यांना कुणी तरी घरी जाऊन भेटायला हवे. लहान ख्रिस्ती समूह, इमारतीतली रोझरी, आजाऱ्याकडे नेलेले कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हे सगळे उद्योग त्यासाठीच आहेत, आणि ते करणारे बहुतेक सामान्य प्रापंचिक लोक असतात.

मार्च 2020 मध्ये देवळांची दारे बंद झाली तेव्हा मिस्सेला आणखी एक क्रियापद मिळाले. लोक मिस्सा 'बघू' लागले, मोबाइलवर, घरात बसून. दारे उघडल्यावरही हे क्रियापद पूर्ण गेले नाही. आजारी आणि म्हातारी माणसे अजून मिस्सा बघतात, आणि पाऊस जोराचा असेल तर धडधाकट माणसेही. मराठीत बघण्याला हलके समजत नाहीत, दर्शनासाठी माणसे पंढरपुरापर्यंत चालत जातात. पण मिस्सेत भाकर मोडून हातावर ठेवली जाते, आणि त्या वेळी पडद्यासमोर बसलेल्याने मनातल्या मनात कम्युनियन घ्यावे, अशी चर्चची शिकवण आहे. तेवढा वेळ तो बघणाराही असतो आणि न मिळालेल्या वाट्याचा भागीदारही. त्याच्यासाठी मराठीत अजून वेगळे क्रियापद नाही.