जुना लॅपटॉप सीडीवरून सुरू होत नसल्यास

वापरलेल्या लॅपटॉपवर नवी संगणकप्रणाली बसविताना तो सीडी किंवा डीव्हीडीवरून सुरूच न होणे, ही नेहमीची अडचण आहे. दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

सीडी : आयएसओ फाईल सीडीवर नुसती कॉपी करून चालत नाही, ती 'इमेज' म्हणून बर्न करावी लागते. सीडी उघडल्यावर केवळ एकच आयएसओ फाईल दिसल्यास ती पुन्हा बर्न करावी.

ड्राइव्ह : तीच सीडी दुसऱ्या संगणकावर चालत असल्यास ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ असण्याची किंवा ती झिजलेली असण्याची शक्यता असते. केवळ सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी चालत नाही.

बायोस : लॅपटॉप सुरू करताच एफ२, डिलीट किंवा एस्केप ही कळ दाबावी; कंपनीनुसार ती बदलते. बूट क्रमात ड्राइव्हला हार्ड डिस्कच्या आधी स्थान द्यावे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' सुविधा आढळते. जुन्या सीडीसाठी ती बंद करून, उपलब्ध असल्यास 'लेगसी' पर्याय निवडावा. डिस्कवर बिटलॉकर असल्यास त्याची रिकव्हरी की आधी जवळ ठेवावी.

पासवर्ड : बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड असल्यास यापैकी काहीही बदलता येत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी काढूनही तो पुसला जात नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्यासमोर बायोस उघडून पाहावे आणि खरेदीची पावती घ्यावी.

ड्राइव्ह निकामी असल्यास यूएसबी पेनड्राइव्हचा पर्याय आहे. मात्र प्रणाली बसविण्यापूर्वी आवश्यक माहितीची प्रत अन्यत्र अवश्य ठेवावी.