वाटाड्या

दिवाळीची सुट्टी लागली की वसई-विरारच्या अनेक घरांत एका नव्या खरेदीची चर्चा सुरू होते. वज्रेश्वरीला जायचे आहे, गणेशपुरीच्या कुंडांवर जायचे आहे, पण हमरस्त्याच्या गर्दीतून नको, आडवाटेने जायचे आहे. तेव्हा वाट दाखविणारे उपग्रहयंत्र कोणते घ्यावे? दुकानदार पडद्याची लांबी-रुंदी सांगतो, जाहिरात उपग्रहांची संख्या सांगते, आणि धाकटी मंडळी म्हणतात, फोन असताना वेगळे यंत्र हवेच कशाला? प्रश्न आजचा वाटतो खरा. पण वाट दाखविणारा कसा निवडावा, हा विचार या किनाऱ्यावर फार जुन्या काळापासून चालत आला आहे. तो इतिहास थोडासा चाळला, तर खरेदीचे उत्तर त्यातच सापडते.

आरंभ सोपाऱ्यापासून करणे योग्य. आज गाडीच्या गर्दीमुळे प्रसिद्ध असलेले नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा येथे सापडला, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरून काढला. ग्रीक खलाशांच्या नोंदींत या बंदराचे नाव येते. पाली जातककथांत सुप्पारक नावाच्या एका तांडेलाची कथा आहे. जातकात तो भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा आहे. पण नाव मात्र आपल्या सोपाऱ्याची आठवण करून देणारे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली होती. तरीही व्यापाऱ्यांनी आग्रह करून त्याला गलबतावर घेतले. वादळात जहाज भरकटले, तेव्हा खलाशी समुद्रात काय दिसते ते वर्णन करून सांगत, आणि हा आंधळा तांडेल त्यावरून तो समुद्र कोणता ते ओळखी.

कथा असेल कथाच. पण तिच्यात वाट शोधण्याच्या शास्त्राचे मर्म सांगितले आहे. आपण कोठे आहोत हे जाणणे ही एक विद्या, आणि समोर काय आहे हे पाहणे ही दुसरी. एकाकडे पहिली होती, दुसऱ्यांकडे दुसरी. दोन्ही एकत्र आल्या म्हणून गलबत वाचले. पुढच्या साऱ्या इतिहासात या दोन विद्यांची कधी जोडी जमते, कधी ताटातूट होते.

समुद्रावरून जमिनीवर यावे, तर येथे वाट दाखविणारा माणूसच होता. आपल्या गावगाड्यात हे काम बहुधा महार वतनदाराकडे असे. वेशीवर राखण करणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, शिवेचा तंटा झाला तर खरी शीव दाखविणे, आणि परगावच्या अंमलदाराला वाट दाखवीत पुढच्या गावच्या माणसाच्या स्वाधीन करणे, ही त्याची कामे. आपल्या गावाची शीव, नाला, उतार आणि चिखल यांचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला नसे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर! राबणूक अष्टौप्रहर आणि मोबदला नाममात्र. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ होती. कनिष्ठ गाववतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्यान्वये. सक्तीची वाट दाखविणूक संपली, हे फार चांगले झाले. पण त्या पायांनी जमविलेले ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, ही गोष्टही खरी.

राज्यकर्त्यांनी मात्र आपल्यापुरते लिहून ठेवले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या सिमाव बोतेल्यु या अधिकाऱ्याने १५५४ साली केलेल्या दफ्तरात वसई प्रांताच्या गावांची आणि उत्पन्नाची नोंद आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिला बाजीपूर हे नाव मिळाले. इंग्रजांनी तिचे बॅसीन केले. एकाच गावाला चार राजवटींनी चार नावे दिली, पण बाजारात जाणारी बाई वसईच म्हणत राहिली. आज यंत्रात गावाचे नाव घालताना हाच घोळ होतो. रोमन लिपीत गिरीज, गास, वाघोली यांची स्पेलिंगे कोणी कशी करावीत? वाघोली म्हटले तर पुण्याजवळची वाघोली पुढे येते. म्हणून पहिला धडा असा की, देवनागरीत नाव घेणारे, आणि तालुका-जिल्हा निवडू देणारे यंत्र आपल्या उपयोगाचे.

इंग्रजांनी मोजणीही मोठ्या नेटाने केली. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास हात घातला. शेतसाऱ्यासाठी मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापुराकडून जमिनीची पाहणी सुरू झाली. तिची साखळी तेहतीस फुटांची. त्या मोजणीची परंपरा आपल्या गावनकाशांत आजही दिसते. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवितात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एका तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटेल, पण तो त्या साखळीचा नेमका पाव भाग आहे.

मोटारवाल्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. साधी मोटार सहा फुटांच्या आतबाहेर रुंद. सव्वाआठ फुटांच्या वाटेत ती शिरते, पण समोरून दुसरी आली की दोघांचीही पंचाईत! वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळपासून भुईगाव आणि नंदाखालपर्यंत, वाड्यांच्या कुंपणांमधून आणि बावखलांच्या काठाने गेलेल्या गल्ल्या अशाच आहेत. त्या बैलगाडीसाठी आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसांसाठी जन्मल्या. यंत्राच्या लेखी मात्र रेष ती रेष, आणि जवळची ती चांगली. म्हणून दुसरा धडा : ज्यात ‘सर्वांत जवळचा’ आणि ‘रुंद रस्त्याचा’ असे मार्ग वेगळे निवडता येतात, तेच यंत्र पसंत करावे.

१८६४ साली रेल्वे आली, आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल धावू लागली. तेव्हापासून आपला पत्ता ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असा झाला. पुढे अहमदाबादचा हमरस्ता आणखी पूर्वेला गेला. किनारा, रूळ आणि हमरस्ता अशा तीन उभ्या रेषांत आपला प्रदेश विभागला गेला. हमरस्त्यापलीकडे तुंगारेश्वराचे डोंगर आणि त्यांच्या कुशीत वारली, काथोडी, मल्हार कोळी यांचे पाडे. तिकडे रस्त्याकडेचे दगड हेच वाटाडे. त्यांचा रंगही बोलतो : पिवळे डोके राष्ट्रीय मार्गाचे, हिरवे राज्यमार्गाचे, नारिंगी खेड्याच्या रस्त्याचे. शिरसाडहून मांडवी, पारोळ, उसगाव करीत वज्रेश्वरीला जाताना मुलांना हे रंग ओळखायला सांगावे. प्रवास सुखाचा होतो आणि वाटही चुकत नाही.

आता आकाशातल्या वाटाड्याकडे वळू. अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १९८३ च्या सप्टेंबरात कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर ही सोय सर्वांना खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरी नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी हुकायची. २००० च्या मे महिन्यात ती भेसळ बंद झाली, आणि मोटारीत बसवायची यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे उपग्रह सोडले आणि त्या व्यवस्थेस ‘नाविक’ हे नाव दिले. सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर ते नाव किती शोभून दिसते!

याची युक्ती घड्याळाची आहे. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि नेमकी वेळ सतत प्रक्षेपित करतो. तो संकेत पोचायला किती वेळ लागला त्यावरून आपले यंत्र अंतर काढते. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. तेव्हा घड्याळ एक दशलक्षांश सेकंद चुकले, तर जागा तीनशे मीटरनी चुकते! म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे असतात, आणि आपल्या यंत्रातल्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी तीनऐवजी चार उपग्रह दिसावे लागतात. उघड्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत जागा सांगतो. पण हमरस्ता आणि त्याला लागून असलेला सेवारस्ता यांतले अंतरही कित्येकदा तेवढेच असते. मग यंत्राला वाटते आपण वर आहोत, आणि आपण असतो खाली.

या व्यवहारात फोनच्या मनोऱ्याचा संबंध कोठेच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘रेंज गेली, आता जागा कशी कळणार?’ असे म्हणतात, ते खरे नव्हे. जागा उपग्रहावरून कळते. रेंज लागते ती नकाशा आणि रहदारीची वार्ता मागविण्यासाठी. डोंगराच्या कुशीत रेंज गेली की जागेचा निळा ठिपका शाबूत राहतो आणि त्याखालचा नकाशा नाहीसा होतो. तेव्हा तिसरा धडा : नकाशा पोटात साठवून ठेवणारेच यंत्र घ्यावे. मोटारीच्या स्वतंत्र यंत्रात तो आधीच असतो, पण जुना होतो. नवा मिळण्याची सोय आणि खर्च विचारून घ्यावा. फोनवर तो घरूनच उतरवून घ्यावा लागतो. क्वचित आडवाटेने जाणाऱ्या कुटुंबाला चांगला फोन, साठविलेला नकाशा, मोटारीत बसवायची पकड आणि वीज भरण्याची तार एवढे पुरे. ज्यांचे पोट आडवाटांवरच चालते, त्यांनी स्वतंत्र यंत्राचा विचार करावा. उन्हात त्याचा पडदा सहसा बरा दिसतो आणि फोन वाजला तरी वाट सुटत नाही.

पण यंत्र कितीही उत्तम असो, ते सुप्पारकासारखे आंधळेच आहे. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि चालकाचा अंत झाला. मंडळी फोनवरचा नकाशा पाहून चालली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. पूल नकाशावर होता, पाणी नव्हते. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते. त्या दिवसांत रस्त्याचे ज्ञान ज्याच्या गुडघ्याला होते त्यालाच होते. कथेतल्या खलाशांचे काम मोटारीत बसलेल्यांनीच करायचे असते : बाहेर पाहायचे, आणि पाणी दिसले की थांबायचे.

एक गोष्ट अजून राहिली, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. यंत्रात रस्ता आहे की नाही, हे उपग्रह ठरवीत नाही. ते ठरते कोणी तेथे जाऊन विचारून नोंद केली की नाही यावर. २०२१ च्या फेब्रुवारीपासून भारतीयांना नकाशे तयार करण्यास पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. २०२५ साली टपाल खात्याने देशाच्या प्रत्येक चार मीटर चौरस जागेला दहा अक्षरांचा ‘डिजिपिन’ दिला. आता पाड्यावरच्या शेवटच्या झोपडीलाही पत्ता आहे. पण आकडा म्हणजे नाव नव्हे. रात्री बाळंतिणीला न्यायला निघालेल्या रुग्णवाहिकेला जागा कळली, तरी शेवटचा अर्धा मैल कोणत्या बांधावरून जातो हे पाड्यातला माणूसच सांगू शकतो. त्याने एकदा सांगितले, आणि कोणी ते नाव व ती वाट सर्वांना खुल्या असलेल्या नकाशावर चढविली, की पुढच्या चालकाला अंधारात हाका माराव्या लागणार नाहीत.

या सुट्टीत थोरामुलांनी मिळून हे काम जरूर करावे. आपल्या आळीचे, विहिरीचे, पलीकडच्या पाड्याचे नाव तेथल्याच माणसाला विचारावे, तो म्हणेल तसे देवनागरीत लिहावे, आणि नकाशात घालावे. वेसकराचे ज्ञान घेतले, पण त्याला वेशीच्या आत घेतले नाही, ही चूक एकदा झाली. नव्या नकाशात ती पुन्हा होऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.