मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग

रायगड व पुणे जिल्ह्यांतून जाणारा ९४.५ किमी. लांबीचा सहापदरी काँक्रीट रस्ता. अधिकृत नाव ‘यशवंतराव चव्हाण मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग’ (२००९ पासून). नावात मुंबई असली, तरी तो सुरू होतो नवीन पनवेलशेजारच्या कळंबोलीत आणि संपतो देहूरोडजवळ किवळे इथे. पनवेल भागात त्याला सरसकट ‘एक्स्प्रेस वे’ म्हणतात. पळस्पे, चौकवरून जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग त्यामुळे ‘जुना हायवे’ झाला. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर व बैलगाड्यांना द्रुतगती मार्गावर मज्जाव असल्याने स्कूटरवरून खोपोलीला निघालेला नवीन पनवेलकर आजही जुन्या हायवेनेच जातो.

जुन्या रस्त्यावरची कोंडी व अपघात वाढल्यावर राज्य शासनाने १९९० साली ‘राइट्स’ आणि ब्रिटनमधील ‘स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक’ या सल्लागार कंपन्यांकडे नव्या मार्गाची पाहणी सोपवली. १९९४ मध्ये अहवाल आला. मार्च १९९७ मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर व ३० वर्षांच्या टोलवसुलीच्या परवानगीसह काम नव्यानेच स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे गेले. नितीन गडकरी तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. चार ठेकेदारांना कामाचे आदेश १ जानेवारी १९९८ रोजी मिळाले. रस्ता टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण झाला. खर्च सुमारे १,६३० कोटी रुपये.

कळंबोलीहून शेडुंगपर्यंत सपाटी आहे. पुढे भाताणचा एक किलोमीटरहून थोडा लांब बोगदा, माडपचा बोगदा, खालापूरचा टोलनाका आणि मग खोपोलीपासून बोरघाट. घाटमाथ्यावर लोणावळा, कामशेतचे बोगदे, उर्से टोलनाका.

या रस्त्याचे खरे दुखणे घाटात आहे. सपाटीला नवी जमीन घेऊन सरळ रेघ ओढता आली; घाटात मात्र आडोशी ते खंडाळा या पट्ट्यात जुन्या हायवेची वाहतूकही याच रस्त्यावर येऊन मिळाली. तो जुना घाटरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केलेला. त्याच काळातला दगडी पूल, एका बामच्या जाहिरातफलकामुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा, आपल्या खांबांनिशी द्रुतगती मार्गाच्या मधोमध उभा राहिला. द्रुतगती मार्गाची वाहतूक बैलगाडीच्या काळातल्या कमानींखालून जाई, आणि सुट्ट्यांच्या दिवशी तिथे ट्रक व मोटारी तासन्तास अडकत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ता ओस पडलेला असताना सुरुंग लावून पूल पाडला. पावसाळ्यातल्या दरडींवर असा सोपा इलाज नाही. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यावर कड्यांना पोलादी जाळ्या बसवण्याचे काम वाढले.

घाटातल्या या पट्ट्याला वळसा घालणाऱ्या खोपोली–कुसगाव दरम्यानच्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या रस्त्याचे काम २०१९ साली सुरू झाले. ‘मिसिंग लिंक’ची लांबी १३.३ किमी.; तिच्यामुळे घाटातले अंतर सुमारे ६ किमी.ने घटते. दोन बोगदे व दरीवरचा केबलचा पूल मिळून तिची आखणी आहे. मोठा बोगदा सुमारे ९ किमी.चा असून लोणावळा तलावाच्या खालून जातो.