फितीवरचे बालपण

आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. दिवाळीच्या पहाटे वडील आम्हां भावंडांना अभ्यंगस्नानासाठी उठवीत आहेत, एवढेच तीत आहे. फीत झिजल्यामुळे त्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा हेलकावतो. गेल्या वर्षी पुतण्याने तो संगणकावर स्वच्छ करून आणला. खरखर गेली, हेलकावाही गेला. पण काय सांगावे, वडीलही जरा दूर गेल्यासारखे वाटले! असे का व्हावे? या कोड्याचा उलगडा मला स्कॉटलंडमधल्या दोन भावांच्या संगीतात झाला.

मायकेल सँडिसन आणि मार्कस ओवेन हे ते भाऊ. १९७९-८० च्या सुमारास त्यांचे कुटुंब कॅनडातील कॅलगरी येथे राहत होते. तेथल्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या माहितीपटांचे संगीत या मुलांच्या मनात घर करून राहिले. पुढे त्यांनी आपल्या जोडीचे नावच ‘बोर्ड्‌स ऑफ कॅनडा’ ठेवले. गंमत अशी, की १९३९ साली स्थापन झालेल्या त्या बोर्डाचे पहिले प्रमुख जॉन ग्रिअर्सन हे स्वतः स्कॉटलंडचेच. त्यांनी परदेशी लावलेल्या झाडाचे बी ही मुले जणू मायदेशी घेऊन आली.

१९९५ मध्ये ‘ट्वाइझम’ त्यांनी स्वतःच काढले. प्रती जेमतेम शंभर. १९९८ साली ‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’ आले आणि त्यांचे नाव झाले. मुलांवर संगीताचा हक्क आहे, असे ते शीर्षक! त्यात इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे सूर किंचित डळमळतात, मध्येच मुलांचे बोल ऐकू येतात. नव्या ध्वनीला हे भाऊ मुद्दाम जुन्या फितीचा कळकटपणा देतात. ऐकणाऱ्याला न जगलेले बालपणही आपलेच वाटू लागते.

पण आठवणीला काळोखही असतो. २००२ च्या ‘जिओगाडी’मध्ये तेच सूर भीतीने भरले, उलटे फिरवलेले आवाज त्यात कुजबुजतात. २००५ च्या ‘द कॅम्पफायर हेडफेज’मध्ये गिटार आली, शेकोटीची ऊब आली. आपण सख्खे भाऊ आहोत, हेही त्यांनी त्याच वर्षी उघड केले. ‘ऑर्बिटल’ या दुसऱ्या बंधुद्वयाशी तुलना नको, म्हणून ते इतकी वर्षे लपवले होते म्हणे! मग आठ वर्षांनी, २०१३ साली, ‘टुमॉरोज हार्वेस्ट’ आले. ते प्रथम ऐकवले गेले कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एका ओसाड जलक्रीडा-उद्यानात. नावात उद्याचे पीक आहे, सुरांत मात्र उजाड रान. बालपणापासून निघालेला हा प्रवास उद्याच्या चिंतेपाशी येऊन ठेपला होता.

वर्गात इतिहास शिकवताना मी सनावळ्या घासूनपुसून मुलांपुढे मांडतो. त्या हव्यातच. पण काळ आपल्यावरून गेला याची खूण त्या धुळीतच असते, हे या भावांनी मला शिकवले. वडिलांच्या आवाजातला तो हेलकावा म्हणजे मधली सारी वर्षेच होती.

पुतण्याने केलेली स्वच्छ प्रत मी जपून ठेवली आहे, कारण मूळ फीत आणखी किती दिवाळ्या टिकेल, कोण जाणे. या नरकचतुर्दशीला मात्र मी मूळ कॅसेटच लावणार आहे. हेलकावत का होईना, पण वडील उठवायला येतील.