मांडवाचे बांबू

आमच्या आजोबांची साताऱ्याच्या कोर्टात दिवाणी वकिली होती. बांधाची भांडणं, वाटपाचे दावे, कुळांच्या कज्जे-तक्रारी. त्यांचे कारकून भाऊराव कचेरीत नक्कल आणायला गेले की निम्म्या वेळा हात हलवत परत येत. "साहेब म्हणतात, फाइल गोपनीय आहे." आजोबा चष्मा काढत आणि विचारत, "भाऊराव, विहिरीच्या मोजणीत कसलं आलंय गुपित?"

शांती भूषण हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या वैतागातूनच. आजोबा त्यांना कधी भेटलेसुद्धा नव्हते. पण अलाहाबादच्या त्या खटल्याची हकिगत ते घरातल्या लग्नाची सांगावी तशी सांगत, रात्री ओसरीवर, सुपारी कातरत.

1971 साली रायबरेलीत राजनारायण एक लाखाहून जास्त मतांनी हरले आणि इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करा म्हणून कोर्टात गेले. "आणि त्यांचा वकील, हे शांती भूषण, विचारतो काय? तर सभेचं व्यासपीठ कुणी बांधलं! बांबू कुणाचे, कर्ण्यांना वीज कुणी दिली!" प्रचारसभांची ही तयारी उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी केली होती. पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेचे नियम एका पुस्तकात होते, त्याला 'ब्लू बुक' म्हणत. ते दाखवा म्हटलं तर सरकार म्हणालं, ते गुप्त आहे. इथे आजोबा हमखास भाऊरावांकडे बघून हसत.

तेव्हाच्या पुरावा कायद्याचं 123वं कलम इथे आडवं आलं. राज्यकारभाराचे अप्रकाशित कागद खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय पुराव्यात येत नाहीत. बरं, निदान न्यायाधीशाने तरी ते उघडून पाहावेत की नाही? सोधी सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने 'नाही' म्हटलं होतं, आणि ते निकालपत्र होतं प्र. बा. गजेंद्रगडकरांचं. जन्माने साताऱ्याचे! आजोबांना त्यांचा केवढा अभिमान; पण या ठिकाणी अडकित्ता थांबायचा. "माणूस फार मोठा. हा निकाल मात्र मला कधी पचला नाही."

अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारचा नकार मानला नाही, तेव्हा राज्य सरकार अपिलात गेलं. 24 जानेवारी 1975ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. माहिती अधिकारावरच्या भाषणांत या निकालाचं नाव हटकून येतं, पण ते अपील सरकार जिंकलं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला. न्यायाधीशाने कागद स्वतः पाहून नव्याने ठरवावं, असं सांगण्यात आलं. शांती भूषण कागदोपत्री हरलेच. पण न्यायाधीशाला पाकीट उघडायची मुभा मिळाली, आणि न्या. के. के. मॅथ्यू यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहून ठेवलं, की सरकारी माणसं जे जे सार्वजनिक काम करतात ते जाणून घेण्याचा हक्क या देशातल्या लोकांना आहे. आजोबांच्या एआयआर या निकालसंग्रहाच्या खंडात त्या परिच्छेदाखाली लाल पेन्सिलीची जाड रेघ आहे. शेजारी शाईने एकच शब्द: 'विहीर'.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चमध्ये पंतप्रधान साक्षीला आल्या, शांती भूषण यांनी उलटतपासणी घेतली. त्या आत येताना कुणी उभं राहू नये, अशी समज न्या. जगमोहनलाल सिन्हांनी आधीच दिली होती. कोर्टात उभं राहतात ते न्यायाधीशासाठी. 12 जूनला निवडणूक रद्द झाली. दोन कारणांपैकी एक ते व्यासपीठ. मग आणीबाणी आली, कायदाच मागच्या तारखेपासून बदलला, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वैध ठरवली. बांबू हरले.

शांती भूषण 1977मध्ये कायदामंत्री झाले, 44वी घटनादुरुस्ती त्यांच्या काळातली. आपल्या अण्णा हजारेंबरोबर ते 2011मध्ये लोकपालाच्या मसुदा समितीत बसले. माजी सरन्यायाधीशांवरच्या आरोपांची यादी त्यांनी 2010 साली न्यायालयाला दिली ती बंद पाकिटात. जन्मभर पाकिटं उघडायला लावणाऱ्या माणसाचं हे पाकीट मला आजही खटकतं. नव्वदी उलटल्यावरही, कुठला खटला कुणापुढे जावा हे एकट्या सरन्यायाधीशांनी ठरवू नये, म्हणून ते 2018मध्ये न्यायालयात गेले. तिथेही हरले. 2023च्या जानेवारीत ते वारले.

आजोबा माहिती अधिकाराचा कायदा यायच्या आधीच गेले. मी 2006मध्ये दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला आणि आमच्या विहिरीच्या मोजणीची नक्कल मागितली. मिळाली. गुपित काही नव्हतं. मोजणीच चुकली होती.

ब्लू बुक आजही गोपनीय आहे. पंतप्रधानांचं संरक्षण करणारी एसपीजी 2005च्या माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्या यादीतल्या संस्थांना हा कायदा, भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर, लागू नाही.