वयाचा रकाना



नोकरीच्या अर्जांतील नांव, पत्ता, शिक्षण हे रकाने तरुण मंडळी सहज भरून टाकतात. 'वय' या लहानशा रकान्यापाशीं मात्र त्यांनीं क्षणभर थांबावें, असें मला वाटतें. या एका आंकड्यापायीं आपल्या देशांतील दोन गुणी तरुणांच्या हातची जागा एकदां जाऊं पाहत होती. ती हकीकत आज सांगतों.

सन १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या जागा लंडनमधील स्पर्धापरीक्षेनें भरल्या जाऊं लागल्या. १८६९ सालीं या परीक्षेंत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त हे तिघे बंगालचे. चौथे आपल्या मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. उमेदवाराचें वय २१ च्या आंत असावें, असा त्या वेळचा नियम होता. सुरेंद्रनाथ त्यांत बसत होते. परंतु १८६३ सालच्या कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळीं त्यांचें वय १६ नोंदलें गेलें होतें. कमिशनरांनीं त्यावरून हिशेब केला, वय मर्यादेबाहेर ठरविलें आणि त्यांचें नांव यादींतून काढलें. ठाकुरांवरहि तोच प्रसंग आला.

वस्तुतः यांत लबाडी मुळींच नव्हती. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या डिसेंबरांत त्यांना १५ वर्षें पुरीं होऊन सोळावें लागलें होतें. वय विचारलें म्हणजे आपल्याकडील वडील माणसें चालू वर्ष सांगत. तेंच कागदावर उतरलें. इंग्रज पुरीं झालेलीं वर्षें मोजतात. दोन्ही उत्तरें खरीं. मोजण्याची रीत तेवढी निराळी. सुरेंद्रनाथांनीं स्वस्थ न बसतां लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां कोठें दोघांचीं नांवें पुन्हां यादींत आलीं. १८९५ सालीं पुण्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले सुरेंद्रनाथ ते हेच.

ही गोष्ट सांगतांना मला स्वतःची एक नोंद आठवते. खेड्यांतील पालक मूल शाळेंत घालतांना तारीख सांगत नसत. 'मोठ्या पावसाच्या सालचा' एवढेंच सांगत. इतर शिक्षकांप्रमाणें मींहि कित्येकांपुढें १ जून लिहिली. त्यांतील एक विद्यार्थी पुढें नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. माझ्या नोंदीप्रमाणें तो मर्यादेहून तीन महिन्यांनीं मोठा ठरत होता. आई म्हणे, पोर दिवाळीचें. परंतु कागदावर अक्षर माझें होतें, आणि न्यायालय गांठण्याची त्याची ऐपत नव्हती. ती जागा गेली.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठीं शाळाप्रवेशास व सरकारी नोकरीस जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा कायद्यानें ठरला आहे. त्यापूर्वींच्या मंडळींनीं शालांत प्रमाणपत्र आजच काढून पाहावें. अर्जांत तारीख त्यावरीलच लिहावी. वय जाहिरातींत दिलेल्या दिवसापर्यंत, पुऱ्या वर्षांनीं मोजावें. आणि नोंदींत चूक दिसलीच, तर अर्जाची वेळ येण्यापूर्वीं ती दुरुस्त करून घ्यावी. घाईनें लिहिलेला आंकडा दुसऱ्याच्या जन्मास पुरतो, हें मी जाणून आहें.