स्थलांतर चित्रमालिका

अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स (१९१७–२०००) यांनी १९४०-४१ मध्ये रंगवलेली साठ चित्रांची मालिका. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखानदार शहरांकडे निघाले, त्याची ही कथा. लॉरेन्स यांचे आईवडील त्यांतलेच. प्रत्येक चित्र १२ × १८ इंचांचे, हार्डबोर्डवर टेम्पेरा रंगांत केलेले, आणि सोबत चित्रकाराने दिलेला एकदोन वाक्यांचा मजकूर.

मालिका एकट्याची असली तरी तिच्यामागे हार्लेम ही न्यूयॉर्कमधली अख्खी वस्ती उभी होती. तेराव्या वर्षी तिथे आलेल्या लॉरेन्सना आईने शाळेनंतरच्या वर्गात घातले. तिथे चार्ल्स ऑल्स्टन हे चित्रकार शिकवत. पुढे शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज त्यांना सरकारी कलायोजनेच्या कचेरीत घेऊन गेल्या. एकवीस पूर्ण नाहीत म्हणून मुलाला परत पाठवण्यात आले. लॉरेन्स ते विसरले, बाई विसरल्या नाहीत. वर्षाने त्या पुन्हा घेऊन गेल्या आणि पगारी चित्रकाराचे काम मिळाले.

मालिकेसाठी १९४० साली रोझेनवाल्ड फंडाची १,५०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारस करणाऱ्यांत हॉवर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञ ॲलन लॉक होते. संशोधन १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात झाले. पोर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोम्बर्ग यांनी जमवलेला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशातून तिथे आला होता. तो नसता तर या चित्रांना इतका भक्कम पाया मिळाला नसता.

फळ्यांना पांढरे अस्तर देणे, मजकूर नीट करणे यांत चित्रकार ग्वेंडोलिन नाइट यांचा हात होता. १९४१ मध्ये दोघांचे लग्न झाले. लॉरेन्स साठही फळ्या एकत्र हाताळत: एक रंग घ्यायचा, तो जिथे जिथे हवा तिथे भरायचा, मग पुढचा. गडदाकडून फिक्याकडे. म्हणून पहिल्या चित्रातला रंग साठाव्यातही तोच भेटतो. पहिल्या चित्रात शिकागो, न्यूयॉर्क आणि सेंट लुईस अशी नावे असलेल्या तीन फाटकांकडे गर्दी लोटते आहे. पंधरावे सर्वांत शांत, आणि माझ्या मते सर्वांत भयंकर: उघड्या फांदीला लोंबणारा फास, खाली गुडघ्यांत डोके घालून बसलेली एक आकृती. प्रेत दाखवलेलेच नाही.

लॉक यांनी ही चित्रे गॅलरीचालक ईडिथ हॅल्पर्ट यांच्यापर्यंत पोहोचवली. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने त्यांतली २६ छापली. डिसेंबरात डाउनटाउन गॅलरीत प्रदर्शन भरले, ते पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या धामधुमीतच. मालिका दोन संस्थांना हवी होती, म्हणून १९४२ मध्ये ती वाटली गेली. सम क्रमांक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला, विषम वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाला. सम क्रमांकांचे पैसे दिले अडेल लेव्ही यांनी. शिष्यवृत्ती देणाऱ्या फंडाचे संस्थापक ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या त्या कन्या.

गोष्टीचे असे एकाआड एक तुकडे दोन शहरांत राहिले. सारी चित्रे एकत्र दिसतात ती प्रदर्शनांपुरतीच, उदाहरणार्थ २०१५ मध्ये न्यूयॉर्कला. १९९३ साली लॉरेन्स यांनी मजकूर पुन्हा लिहून काढला. मूळ शीर्षकातला ‘नीग्रो’ हा शब्द आता मालिकेच्या नावात नाही.